चौकशी हे देवस्थानाचं काम नव्हे

गोव्यातल्या आमच्या देवळाच्या अग्रशाळेतली, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेतली, ती खोली अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. २००८ साल, चतुर्थीच्या आधीचा पंधरवडा. बाहेर पावसाची झड लागलेली, आत पंख्याखाली आम्ही सात-आठजण. देवस्थान समितीची नेहमीची बैठक होती. सप्ताहाचा हिशेब झाला, सभामंडपाच्या गळतीवर बरीच चर्चा झाली, मग अध्यक्षांनी उठून दार ओढून घेतलं. भजनाच्या वर्गाला येणाऱ्या एका मुलाची आई बाहेर सोप्यावर बसली होती. वर्ग सुटल्यावर शिकवणारे बुवा तिच्या मुलाला मागे थांबवून घेतात आणि हल्ली वर्गाचं नाव काढलं तरी मुलगा थरथरतो, असं तिनं सांगितलं होतं. त्याहून जास्तही सांगितलं होतं. ते इथं लिहीत नाही.

पाऊण तास आम्ही बोललो. बाई खोटं बोलतेय असं एकानंही म्हटलं नाही. सगळ्यांचा विश्वास बसला होता, आणि तरीही जे ठरलं ते असं: बुवांना बोलावून समज द्यायची, वर्ग काही दिवस बंद ठेवायचा आणि बुवांनी घरच्या अडचणीचं कारण सांगून आपणहून बाजूला व्हायचं. ‘देवळाचें नांव पाड जातलें रे,’ देवळाचं नाव खराब होईल, असं एक वयस्क महाजन (देवस्थानाचे वंशपरंपरागत सभासद) म्हणाले. दुसऱ्यांनी बाहेर जाऊन त्या आईला सांगितलं, ‘बाये, तुजो भुरगो तो आमचोच. आमी पळयतात. तूं आतां वगी राव.’ तुझा मुलगा तो आमचाच, आम्ही बघतो, तू आता गप्प राहा. ती गेली. नवरात्रात कीर्तनाच्या आधी बुवांना शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. पुढे ते दुसऱ्या तालुक्यात मुलांना शिकवत होते, असं कानावर आलं.

समितीचा सचिव मी होतो. त्या बैठकीचं इतिवृत्त माझ्या अक्षरात आहे. सभामंडपाच्या गळतीवर त्यात अकरा ओळी आहेत, त्या आईवर एकही नाही.

बुवा आता हयात नाहीत. तो मुलगा मोठा झाला आहे. बोलायचं की नाही हे त्यानं ठरवायचं, म्हणून त्याची ओळख पटेल असं काहीही मी इथं ठेवलेलं नाही. मला बोलायचं आहे ते आमच्याविषयी, त्या खोलीत बसलेल्यांविषयी. आम्ही दुष्ट नव्हतो. गावात मान असलेली, देवाची सेवा करणारी माणसं होतो. आपण हे प्रकरण ‘सामंजस्यानं मिटवलं’ याचं काहींना समाधानही वाटलं होतं. इतकी वर्षं त्यावर विचार करून मी एका निष्कर्षावर आलो आहे. लहान मुलावरच्या अत्याचाराची तक्रार आली की तिची चौकशी करण्याचा, खरंखोटं ठरवण्याचा, समज देण्याचा किंवा क्षमा करण्याचा कुठल्याही देवस्थानाला, इगर्जीला (चर्चला), मठाला किंवा मदरशाला अधिकार नाही. त्यांचं काम एकच आहे, पोलिसांना कळवणं. तेही त्याच दिवशी.

यात कुणाला टोकाची भूमिका दिसेल, पण कायदा याहून वेगळं काही सांगत नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पोक्सो कायद्याचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं, कलम १९ म्हणतं की असा गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची धास्ती ज्याला असेल, त्यानं विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. इथं अध्यक्षांचा, बिशपांचा किंवा स्वामीजींचा उल्लेख नाही. त्यांच्या कानावर घातलं म्हणजे कळवलं असं होत नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि त्याच कलमात पुढचं पोटकलम आहे, जे प्रत्येक देवस्थानाच्या कार्यालयात चौकटीत लावण्यासारखं आहे. हाताखालच्या माणसानं असा गुन्हा केला आणि संस्थेच्या प्रमुखानं तो कळवला नाही, तर त्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. संस्था कुठल्याही नावानं ओळखली जात असो, असे शब्द तिथं मुद्दाम घातले आहेत. शिवाय शिक्षणसंस्थेच्या किंवा धर्मसंस्थेच्या व्यवस्थापनातल्या वा सेवेतल्या माणसानं तिथल्या मुलावर अत्याचार केला, तर कायदा तो गुन्हा अधिक गंभीर मानतो. बलात्कारासारख्या कृत्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान वीस वर्षं शिक्षा आहे. शाळेला आणि देवळाला कायद्यानं एकाच वाक्यात बसवलं, कारण दोन्हीकडे आईबाप मूल विश्वासानं सोडून जातात.

आमच्या बैठकीच्या वेळी पोक्सो नव्हता हे खरं. पण गोव्याचा स्वतःचा बाल कायदा २००३ पासून होता, आणि भारतीय दंड संहिता तर १८६० पासून होती. कायदा नव्हता म्हणून आम्ही गप्प बसलो असं मला म्हणता येणार नाही.

हा गोव्याचा कायदा कसा जन्मला ते पाहिलं की आपली नजर कुठं होती ते कळतं. १९९१ साली मडगाव परिसरात ‘गुरुकुल’ नावानं अनाथ मुलांचं घर चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला अटक झाली. परोपकारी गृहस्थ म्हणून त्याला मान होता. त्याच्याकडे मुलांची दोन हजारांहून जास्त अश्लील छायाचित्रं सापडली. तो परदेशी गिऱ्हाइकांना मुलं पुरवत होता. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्या धक्क्यातून आणि किनाऱ्यावरच्या पर्यटनाच्या भीतीतून २००३ चा कायदा घडला. हॉटेलात मुलाच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालक-व्यवस्थापकावर टाकली, कुटुंबासोबत नोंद नसेल तर मुलाला खोलीत जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं, फोटो धुणाऱ्यांवरही बंधन घातलं. चांगलंच झालं. पण आपल्या मनात एक चित्र पक्कं झालं. मुलांना धोका म्हणजे कळंगुटचा गोरा पर्यटक, बाहेरून आलेला अनोळखी इसम. पीट्स प्रकरणातून आपण परदेशी गिऱ्हाईक तेवढं लक्षात ठेवलं. घर चालवणारा माणूस इथंच आपल्यात राहत होता, आणि प्रतिष्ठित होता म्हणूनच इतकी वर्षं निभावून गेला, हे सोईस्करपणे विसरलो. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली तेरा राज्यांतल्या मुलांशी बोलून अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला होता, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते.

हॉटेलच्या खोलीवर कायद्याचा डोळा आहे. अग्रशाळेच्या खोलीवर, पाद्रीच्या घरावर, मठाच्या वसतिगृहावर आपला डोळा का नाही?

‘आधी आपल्या पातळीवर खातरजमा करू, मग बघू.’ हे वाक्य मी त्या बैठकीत ऐकलं आणि नंतर वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांकडून ऐकलं. ते समंजस वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? ज्याच्यावर आरोप आहे त्याला आधी कळतं. तो मुलाशी किंवा घरच्यांशी बोलतो, रडतो, पाया पडतो, धमकावतो. मुलाला चार पुरुषांसमोर बसवून ‘नेमकं काय झालं ते सांग’ म्हणतात. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायला लावतात, थोडा फरक पडला की ‘बघा, बदलतोय’ म्हणतात. कायदा हे सगळं ओळखून आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोईच्या जागी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, गणवेशात नको, आणि आरोपी समोर येता कामा नये. यातलं एकही पथ्य अग्रशाळेतल्या बैठकीत पाळलं जात नाही. शहाणपणाच्या नावाखाली आपण पुरावा नासवतो आणि मुलाला दुसऱ्यांदा दुखावतो.

आणि चौकशीअंती निघतं ते काय? ‘कुणी पाहिलं?’ असले गुन्हे कुणी पाहू नये म्हणूनच बंद दाराआड होतात. ऑस्ट्रेलियात संस्थांमधल्या बाल अत्याचारांसाठी राजआयोग नेमला होता. पाच वर्षं त्यानं काम केलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये सतरा खंडांचा अहवाल दिला. त्याच्यासमोर ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची कागदपत्रं आली. १९५० पासूनच्या १००६ आरोपितांची नोंद त्या पंथानं स्वतःच व्यवस्थित करून ठेवली होती. त्यांपैकी एकाचंही नाव पंथानं पोलिसांना कळवलेलं नव्हतं. आरोपीनं कबूल केलं नाही तर दोन साक्षीदार हवेत, हा शास्त्रवचनावर बेतलेला त्यांचा नियम. हे वाचताना मला माझं इतिवृत्त आठवत होतं. त्यांनी सगळं लिहून ठेवलं, आम्ही काहीच लिहिलं नाही, आणि पोलीस ठाण्यापर्यंत दोघेही गेलो नाही. त्याच आयोगाला असंही दिसलं की लहानपणी झालेलं सांगायला माणसांना सरासरी २३ वर्षांहून अधिक काळ लागला होता. इतका काळ गिळून बसावं लागतं अशी गोष्ट त्या मुलानं आईला लगेच सांगितली होती. तिनं ती घेऊन आमचं दार ठोठावलं होतं.

कॅथलिक चर्चविषयी लिहिताना मी हिंदू आहे याचं भान मला आहे. गोव्यात २०११ च्या जनगणनेनुसार हिंदू ६६ टक्के, ख्रिस्ती २५ टक्के, मुसलमान ८ टक्के. फादरवर आरोप आला की आमच्यातले काहीजण मोबाइलवर तो दिवसभर फिरवतात. भटजीवर, स्वामींवर आला की ‘षड्यंत्र आहे’ म्हणतात. तिकडेही याचा आरसा असतोच. हे पाहून मला चीड येते, कारण यात मूल कुठंच नसतं, असतो तो फक्त दुसऱ्याचा धर्म. आणि ‘विरोधकांच्या हाती कोलीत नको’ हीच सबब प्रत्येक धर्मसंस्था आपलं प्रकरण दाबायला वापरते.

चर्चनं निदान नियम केले, हे मान्य करायला हवं. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये जगभरच्या पाद्री आणि धर्मभगिनींवर अशा तक्रारी वरिष्ठांना कळवण्याचं बंधन घातलं, तक्रार करणाऱ्याला गप्प बसवायला मनाई केली, त्याच वर्षअखेर या प्रकरणांवरचं पोपचं गुप्ततेचं बंधन काढलं, आणि २०२३ मध्ये ते नियम कायमचे केले. पण ते कळवणं चर्चच्या आतलं आहे. भारतात ते पुरेसं नाही. इथं कळवायचं ते पोलिसांना. नियम करण्याच्या दोनच वर्षं आधी, २०१७ मध्ये, केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या कोट्टियूरच्या पाद्रीचं प्रकरण बाहेर आलं. अल्पवयीन मुलीला मूल झालं होतं, आणि सुरुवातीला मुलीच्या बापानंच गुन्हा स्वतःवर घेतला होता. पाद्रीला २०१९ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली, उच्च न्यायालयानं ती नंतर दहावर आणली. एका बापाला असा डाग स्वतःच्या कपाळी लावून घेणं सोपं वाटलं, धर्मगुरूचं नाव घेणं नाही. त्याच्यावर केवढं दडपण असेल याची कल्पना करवत नाही.

कुमसाराचं, म्हणजे पाद्रीपुढे दिलेल्या पापाच्या कबुलीचं काय, असा प्रश्न माझे कॅथलिक मित्र विचारतात. कुमसारात ऐकलेलं उघड करणं पाद्रीसाठी महापाप आहे, हे मी समजू शकतो. भारतीय कायद्यात मात्र त्याला सूट नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियासारख्या राज्यांनी तर राजआयोगानंतर कायदा बदलून ती सूट स्पष्टपणे काढली. पण मला वाटतं, या प्रश्नावर आपण गरजेपेक्षा जास्त अडकतो. कुमसारात कळलेली प्रकरणं किती, आणि आईनं, शिक्षिकेनं, सिस्टरनं उघड येऊन सांगितलेली किती? प्रकरणं दाबली जातात ती बैठकीच्या टेबलावर.

आपल्या बाजूला तर नियमही नाहीत. आसारामविरुद्ध २०१३ मध्ये तक्रार करणारी मुलगी त्याच्याच संस्थेच्या छिंदवाड्यातल्या गुरुकुलात शिकत होती, आईबाप दोघेही भक्त होते. २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयानं त्याला जन्मठेप दिली. मधल्या काळात साक्षीदारांवर हल्ले झाले, काही मारले गेले. त्या आईबापांनी आधी आश्रमाच्या विश्वस्तांकडे ‘अंतर्गत चौकशी’ मागितली असती तर काय झालं असतं? त्यांनी पोलिसांची वाट धरली म्हणून तो खटला उभा राहिला. दुसरं उदाहरण इस्कॉनचं. १९७० आणि ८० च्या दशकांत त्यांच्या गुरुकुलांत मुलांवर झालेल्या अत्याचारांची मांडणी त्यांनी १९९८ मध्ये स्वतःच्याच नियतकालिकात छापली आणि बालसंरक्षण कार्यालय काढलं. उशीर फार झाला होता, पुढे अमेरिकेत खटले होऊन भरपाई द्यावी लागली. पण छापल्यामुळे कृष्णभक्ती बुडाली नाही. देवळं चालू आहेत, माणसं जातात. ‘नांव पाड जातलें’ म्हणणाऱ्या आमच्या वयस्क महाजनांना हे दाखवायला हवं होतं.

खोट्या तक्रारीची भीती खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. कायद्यानंही नाही लावली. दुष्ट हेतूनं खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा आहे, प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला संरक्षण आहे, आणि मुलाला शिक्षा नाही. पण माझ्या मनात दुसराच विचार येतो. समजा बुवा निर्दोष होते. आमच्या बैठकीनं त्यांना काय दिलं? आयुष्यभराची कुजबूज. शाल पांघरून ज्याला घालवलं, त्याच्या निर्दोषपणाचा कागद कुणाकडेच नाही. निर्दोष माणसाला निर्दोष ठरवण्याची ताकद पोलीस तपासात आणि न्यायालयात आहे, देवस्थान समितीत नाही.

पोलीस ठाण्याची पायरी चढणं आपल्याकडे सोपं नसतं, हेही खरं. खटला वर्षभरात संपवावा असं कायदा म्हणतो, आणि रेंगाळलेले खटले आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. मुलीच्या लग्नाची चिंता, वाड्यावरची तोंडं, घरातला कमावता माणूस फेऱ्या मारून थकलेला. पण यासाठीच तर संस्था हवी. चोवीस तासांत पोलिसांनी बालकल्याण समितीला कळवलं की नाही हे विचारायला, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात सोबत जायला, वकील गाठून द्यायला, आणि देवळाच्या पायरीवर त्या आईच्या शेजारी सगळ्यांसमोर उभं राहायला. समितीकडे माणसं आहेत, गाड्या आहेत, ओळखी आहेत. जत्रेला त्या सगळ्या कामी येतात.

एका अडचणीपुढे मी मात्र अडतो. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी एखाद्या शिक्षिकेला विश्वासानं सांगते आणि म्हणते, कुणाला सांगू नका. शिक्षिकेला सांगावंच लागतं, आणि मुलगी पुन्हा कधी तोंड उघडत नाही. सक्तीनं कळवण्याच्या नियमाची ही किंमत आहे. मुलांसोबत काम करणारे समुपदेशक ती बोलून दाखवतात आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. त्या शिक्षिकेच्या घालमेलीबद्दल मला आदर आहे. पण ही घालमेल संस्थेनं स्वतःच्या मौनासाठी उसनी घेऊ नये. २००८ मध्ये त्या मुलाला काय हवं होतं, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नव्हतं. त्याचं नावसुद्धा बैठकीत फार वेळा घेतलं गेलं नाही. घेतलं गेलं ते देवळाचं.

सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या प्रकरणात हीच गोष्ट ठामपणे सांगितली. वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले होते, आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं ते कळवले नाहीत, असा आरोप होता. उच्च न्यायालयानं डॉक्टरवरचा गुन्हा रद्द केला होता, तो सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा उभा केला. माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असा त्या निकालाचा आशय आहे. आमची ती बैठक या वाक्यात पुरती बसते.

गोव्यात एक सोय आहे जी इतरत्र क्वचितच असेल. १९३३ च्या महाजनी कायद्याखाली इथल्या देवस्थानांवर मामलेदाराची देखरेख आहे. अंदाजपत्रक, हिशेब, निवडणूक, सगळं त्याच्या कचेरीत जातं. फंडपेटीतल्या नाण्यांचा हिशेब सरकारदरबारी देण्याची आपल्याला नव्वद वर्षांची सवय आहे. त्याच हिशेबासोबत एक पान वाढवायला काय हरकत? देवस्थानात मुलांचे कोणते वर्ग चालतात, कोण घेतं, कुठल्या जागेत घेतं, वर्षभरात काही तक्रार आली का, आणि आली असेल तर कुठल्या ठाण्यात कुठल्या क्रमांकानं नोंदली. यात मुलाचं नाव नको, तपशील नको, कायद्याला तसंही ते चालत नाही. फक्त नोंदीचा क्रमांक. इगर्जी, मठ आणि मदरसे या कायद्याखाली येत नाहीत, त्यांना सरकारनं वेगळ्या वाटेनं हेच विचारावं. पण आपण त्यांची वाट बघत थांबण्याचं कारण नाही.

माझ्या देवस्थानापुरता मी एका पानाचा ठराव लिहून दिला आहे. समितीतल्या कुणाच्याही कानावर असं काही आलं तर त्यानं त्याच दिवशी पोलिसांना कळवायचं आणि अध्यक्षांना नंतर सांगायचं. आधी विचारायचं नाही. मुलाला प्रश्न विचारायचे नाहीत, आरोपिताला बोलावून घ्यायचं नाही, तपास होईतो त्याला मुलांपासून दूर ठेवायचं. भजन, पखवाज, संस्कृत, कसलाही वर्ग सभामंडपात उघड्यावर घ्यायचा, खोलीत नाही. अग्रशाळेच्या दारावर १०९८ (मुलांची हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे क्रमांक मुलांना वाचता येतील एवढ्या उंचीवर रंगवायचे. आणि जे झालं ते इतिवृत्तात लिहायचं.

गेल्या सर्वसाधारण सभेत ठराव वाचला तेव्हा काहीजण माझ्याकडे बघत होते, काही खाली. ‘आपल्या देवळात असलं काही होत नाही, हे कशाला?’ असं एका तरुण महाजनानं विचारलं. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. माहीत असणारे आम्ही तिघेच उरलो आहोत. मी उभा राहून २००८ ची बैठक सांगितली, नावं न घेता. सभा बराच वेळ शांत होती. मग विषय पुढच्या सभेवर ढकलला. विषयपत्रिकेत तो नवव्या क्रमांकावर आहे, जत्रेतल्या दुकानांच्या जागांच्या पावणीनंतर, म्हणजे लिलावानंतर. तो पहिल्या क्रमांकावर घ्यावा, असं पत्र मी काल सचिवांच्या हाती दिलं आणि पोच घेतली.